थांबा, ऐका आणि मग भांडा



रोज सकाळी जर्सी सिटीहून, न्यूअर्कहून पाथ गाडीने वर्ल्ड ट्रेड सेंटरला उतरणाऱ्या आपल्या मराठी माणसांसाठी हे पत्रक आहे. स्टेशनातून वर येऊन लिबर्टी स्ट्रीटने ब्रॉडवेकडे निघालं की झुकोटी पार्क लागतं. १७ सप्टेंबरपासून तिथे माणसं मुक्काम ठोकून बसली आहेत. बँकांनी २००८ साली जगाला खड्ड्यात घातलं, सरकारने बँका वाचवायला सातशे अब्ज डॉलरचा कायदा केला आणि घरं मात्र साध्या माणसांची गेली, याचा जाब ती मागत आहेत. आपल्यातले बहुतेक जण पलीकडच्या फुटपाथने, मान खाली घालून, ऑफिस गाठतात.

रविवारी, ९ ऑक्टोबरला, स्लोव्हेनियाचा लेखक आणि तत्त्वज्ञ स्लावोय झिझेक तिथे बोलला. मी ऐकायला गेले होते. तेव्हापासून आपल्याच मंडळींकडून बरंच काही कानावर येतंय. स्टॅलिनच्या भाटाला ऐकायला कशाला गेलीस? गांधीजींना हिटलरपेक्षा हिंसक म्हणणाऱ्यापुढे उभी कशी राहिलीस? तो परका, आपणही परके, आपल्याला काय करायचंय? आणि हळूच, काळजीने: व्हिसाचा तरी विचार कर. एकेकाला गाठून उत्तर देण्यापेक्षा मी हे लिहून काढलं आहे. दिवाळीच्या कार्यक्रमाला सगळे भेटतील तेव्हा हातोहात वाटणार आहे.

आधी तिथे काय झालं ते सांगते, कारण टीका करणाऱ्यांपैकी एकही जण तिथे नव्हता.

पार्कात पोलीस परवान्याशिवाय लाउडस्पीकर लावता येत नाही. त्यावर या लोकांनी काढलेला तोडगा असा. बोलणाऱ्याने चार-पाच शब्द बोलून थांबायचं. जवळच्यांनी ते शब्द एका सुरात मोठ्याने परत म्हणायचे. गर्दी मोठी असली तर त्यांच्या मागच्यांनी तेच आणखी एकदा म्हणायचं. झिझेक हा लांबलचक वाक्यांचा माणूस. बोलताना सारखं नाक चोळतो, शर्ट ओढतो, एका विषयातून दुसऱ्यात उडी मारतो. त्या दिवशी त्याला प्रत्येक वाक्याचे तुकडे करावे लागले. तुकडा टाकायचा, गर्दीकडे बघत थांबायचं, आवाज मागे पोचला की पुढचा तुकडा. त्याच्या विनोदावर पुढचे हसायचे, थोड्या वेळाने मधले आणि मग पार मागचे.

मी मधल्या रांगांत होते. माझ्या मागे एक म्हातारे गृहस्थ कानामागे हात धरून उभे होते. मी शब्द परत म्हटले नसते तर त्यांच्यापर्यंत काहीच पोचलं नसतं. भाषणात एका ठिकाणी झिझेक म्हणाला की लोकशाही आणि भांडवलशाही यांचा संसार आता मोडला आहे. मला हे पटत नाही. निवडणुकीने सत्ता उलथवता येते हे १९७७ साली आपल्या देशाने दाखवलं आहे, आणि लोकशाहीचं सगळं बळ बाजाराकडून उसनं आलेलं आहे असं मी मानत नाही. तरीही ते वाक्य मी खणखणीत आवाजात परत म्हटलं, कारण ते नाकारायचा त्या म्हाताऱ्यांचा हक्क मला मधल्यामधे गिळता येत नव्हता. दुसऱ्याचं म्हणणं पुढे पोचवणं वेगळं आणि ते मान्य करणं वेगळं. ज्यांना हा फरक कळत नाही ते आधी स्वतःचे कान बंद करतात आणि मग शेजाऱ्याचेही बंद करू बघतात.

आता स्टॅलिनबद्दल. झिझेकने क्रांतीतल्या दहशतीविषयी जे बेदरकारपणे लिहिलं आहे, त्यावर अमेरिकेतल्या समीक्षकांनी त्याला फैलावर घेतलं आहे आणि ती टीका मला बरीचशी रास्त वाटते. पण मग त्याचं पूर्ण चरित्रही बघा. हा माणूस कम्युनिस्ट युगोस्लाव्हियात वाढला. प्रबंध पुरेसा मार्क्सवादी नाही म्हणून अडवला गेला, आणि कित्येक वर्षं विद्यापीठात नोकरी मिळाली नाही. १९८८ साली ल्युब्लियानात पत्रकारांवर लष्करी खटला चालला तेव्हा मानवी हक्कांच्या समितीत तो होता आणि त्याच वर्षी त्याने पक्ष सोडला. १९९० साली स्लोव्हेनियाच्या अध्यक्षमंडळासाठी उदारमतवादी पक्षातर्फे तो निवडणुकीला उभा होता. पार्कातही त्याने स्पष्ट सांगितलं की १९९० च्या सुमारास कोसळलेल्या व्यवस्थेला कम्युनिझम म्हणत असाल तर आपण कम्युनिस्ट नाही, आणि आज सर्वांत निर्दय भांडवलशाही चालवतात ते चीनचे कम्युनिस्ट.

गांधीजींवरचं विधान अधिक बोचरं आहे. २०१० च्या जानेवारीत तो भारतात आला तेव्हा ते गाजलं होतं. त्याचा मुद्दा असा की हिटलरने एवढी कत्तल केली ती समाजाची मूळ घडी जशीच्या तशी ठेवण्यासाठी. गांधींनी मात्र ब्रिटिश सत्तेचं यंत्रच बंद पाडायचा प्रयत्न केला, म्हणून मुळाशी घाव घालण्याच्या अर्थाने गांधी जास्त हिंसक. साठ लाख ज्यूंना मारणाऱ्या माणसाच्या शेजारी गांधीजींना उभं करून टाळ्या घेणं मला संतापजनक वाटतं. पण म्हणून त्याला ऐकायचंच नाही? डॉ. आंबेडकर १९१३ साली याच शहरात, कोलंबिया विद्यापीठात शिकायला आले आणि पुढे १९४५ मध्ये त्यांनी काँग्रेस आणि गांधीजींवर जे पुस्तक लिहिलं, ते झिझेकच्या कोटीपेक्षा कितीतरी कठोर आणि नेमकं आहे. गांधींवर प्रेम करणाऱ्याने ते वाचायलाच हवं. आपल्याकडे पुण्यात वसंत व्याख्यानमाला १८७५ पासून चालू आहे. शिवाजी पार्कवर अत्रे बोलत तेव्हा त्यांचं न पटणारेही गर्दीत असत. न पटणाऱ्याची सभा ऐकून घरी परतताना वाटेत कडाकडा भांडायचं, ही आपली जुनी सवय. समुद्र ओलांडताना ती का टाकून आलो?

तो परका आहे म्हणता. मुंबईत फोर्टमध्ये बँकांच्या आणि दलालांच्या मधोमध एक गोल बाग आहे. एल्फिन्स्टन सर्कल हे तिचं नाव बदलून आपण हॉर्निमन सर्कल केलं. बी. जी. हॉर्निमन इंग्रज होते, 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक. १९१९ साली ते गांधीजींच्या सत्याग्रह सभेचे उपाध्यक्ष झाले, पंजाबातल्या अत्याचारांविषयी त्यांच्या पत्राने लिहिलं आणि सरकारने त्यांना उचलून जहाजावर बसवलं. तेव्हा कोणी मराठी माणूस म्हणाला नाही की या परक्याला इथे बोलायचं काय कारण. आणि आज? याच २०११ च्या सप्टेंबरमध्ये अमेरिकन पत्रकार डेव्हिड बार्सामियनला भारत सरकारने दिल्ली विमानतळावरूनच परत पाठवलं. परक्या लेखकाची भीती वाटणारी सरकारं सगळीकडे आहेत. नागरिकांनी ती भीती उधार का घ्यावी?

एवढं झाल्यावर झिझेकने सांगितलेल्या एका गोष्टीकडे वळते. ती ऐकल्यापासून माझ्या डोक्यातून गेलेली नाही.

पूर्व जर्मनीतल्या एका माणसाला सैबेरियात काम लागतं. पत्रं उघडली जाणार हे त्याला माहीत असतं. तो मित्रांना सांगून ठेवतो, निळ्या शाईत लिहिलं तर खरं समजा, लाल शाईत लिहिलं तर खोटं. महिन्याने पत्र येतं, सगळं निळ्या शाईत. इथे सगळं मस्त आहे, दुकानं भरलेली आहेत, सिनेमे चांगले लागतात, घरं ऐसपैस आहेत. फक्त एक गोष्ट मिळत नाही, लाल शाई. झिझेकने ही गोष्ट अमेरिकेला लावली. हवं ते स्वातंत्र्य आहे, पण आपण कुठे बांधलेले आहोत ते सांगायला शब्दच नाहीत.

मला ती आपल्याला लागू दिसली. आपण दर रविवारी घरी फोन करतो आणि निळ्या शाईत बोलतो. थंडी पडायला लागली, नवी गाडी घेतली, पोराला गणितात चांगले मार्क. एच-वन-बी व्हिसा म्हणजे काय हे आपल्यातल्या किती जणांनी आईवडिलांना नीट सांगितलं आहे? नोकरी गेली की इथे राहायचा हक्कच जातो. म्हणून मॅनेजरने रात्री अकराला फोन केला तरी आपण हूं की चूं करत नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांना वर्षानुवर्षं काढावी लागतात, आणि त्या काळात नोकरी बदलायची म्हटली तरी पोटात गोळा येतो. नवऱ्याबरोबर एच-फोर व्हिसावर आलेल्या बायकांना काम करायची परवानगी नाही. एडिसनच्या एकेका इमारतीत डॉक्टर, इंजिनिअर, शिक्षिका घरी बसून आहेत. माहेरी विचारलं तर त्या सांगतात, सध्या ब्रेक घेतलाय. ज्या लाल शाईची उणीव झिझेक सांगत होता ती आपल्या घरात पहिल्यापासून आहे. मग त्या पार्कातली माणसं आपल्याला इतकी अनोळखी का वाटतात?

ऑगस्टमध्ये आपण अण्णा हजारेंच्या लोकपाल आंदोलनासाठी रस्त्यावर आलो होतो. मीही मेणबत्ती घेऊन उभी होते आणि रामलीला मैदानावरच्या त्या उपोषणाबद्दल आजही मला आदर आहे. पण झिझेक जे म्हणाला त्यावर तुम्ही विचार करावा असं मला मनापासून वाटतं. माणसांच्या लोभाला आणि भ्रष्टाचाराला दोष देऊ नका, माणसाला भ्रष्ट व्हायला भाग पाडणाऱ्या व्यवस्थेकडे बघा, असं त्याचं सांगणं होतं. २००८ चंच घ्या. परत फेडता येणार नाहीत अशी गृहकर्जं वाटली, ती एकत्र बांधून विकली, त्या गाठोड्यांवर पतमापन कंपन्यांनी सर्वोच्च दर्जाचे शिक्के मारले. यातला मोठा भाग कायद्यात बसवूनच झाला. कोणत्या लोकपालाने कोणाला पकडलं असतं? तिथे लाच द्यायची गरजच नव्हती. ज्यांना झिझेक तोंडाळ वाटतो त्यांच्यासाठी हेही सांगते की त्याच पार्कात २ ऑक्टोबरला जोसेफ स्टिगलिट्झ येऊन गेले. नोबेल मिळालेले, जागतिक बँकेचे माजी मुख्य अर्थतज्ज्ञ. त्यांनाही तसंच तुकड्या-तुकड्यांनी बोलावं लागलं. तोटा जनतेच्या गळ्यात आणि नफा बँकांच्या खिशात, हाच त्यांचाही मुद्दा होता.

झिझेक माणसांना भडकवायला आला होता, हे तर सपशेल खोटं. त्याने गर्दीला गोंजारलं नाही. स्वतःच्या प्रेमात पडू नका, जत्रा स्वस्तात भरते, खरा प्रश्न दुसऱ्या दिवशी सुरू होतो, असं त्याने तोंडावर सुनावलं. दहा दिवस गणपतीपुढे नाचणाऱ्या पोरांना मांडव कोण सोडणार हे विचारणारा एखादा वडीलधारा असतो, तसा तो वाटला. आणि गर्दीने ती बोलणीही परत म्हटली, स्वतःच्याच तोंडाने.

या आंदोलनातही दोष आहेत. त्यांच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात असं वाक्य होतं की जणू वर्णभेद ही आता मागे पडलेली गोष्ट आहे. सप्टेंबरच्या अखेरीस सभेत काही दक्षिण आशियाई तरुण-तरुणींनी उठून त्याला हरकत घेतली. इतक्या लोकांसमोर, नाराजी पत्करून, ती मागे न घेता उभे राहिले आणि ते वाक्य बदलायला लावलं. आपल्यासारख्याच घरांतली पोरं ही. ती फुटपाथवरून निघून गेली असती तर ते वाक्य आज तसंच छापलेलं असतं.

राहिला व्हिसा. खोटा धीर मी देणार नाही. १ ऑक्टोबरला ब्रुकलिन पुलावर सातशेहून अधिक लोकांना अटक झाली आणि आपल्यासारख्यांना अटक परवडत नाही. त्यामुळे रस्त्यावरचा मोर्चा, पूल, पोलिसांचं कडं यांपासून लांब राहा. पण पार्कात उभं राहून भाषण ऐकणं हा गुन्हा नाही. ती जागा खासगी मालकीची असली तरी चोवीस तास सर्वांना खुली ठेवायच्या अटीवरच ती बांधलेली आहे. १४ तारखेला मालकांनी साफसफाईच्या नावाखाली ती रिकामी करायचं ठरवलं होतं. लोकांनी आदल्या रात्री स्वतः झाडू मारून फरशा घासल्या आणि ते पुढे ढकललं गेलं. आणखी किती दिवस ती जागा राहील, सांगता येत नाही. म्हणून हे पत्रक आत्ता.

सभा रोज संध्याकाळी सातला असते. ऑफिसातून परत जाताना, गाडी पकडायच्या आधी अर्धा तास काढा. ब्रॉडवेच्या बाजूला लाल रंगाचं उंच लोखंडी शिल्प आहे, तिथून आत शिरा. पुस्तकांचा एक कोपरा आहे, कोणीही पुस्तक घ्यावं, कोणीही ठेवावं. मराठी पुस्तकं आणलीत तर तीही ठेवा. थंडी वाढते आहे, घरात जादा पांघरूण असेल तर घेऊन या. झिझेकचं, स्टिगलिट्झचं किंवा माझं म्हणणं चूक वाटत असेल तर तेच तिथे येऊन बोला. बोलायच्या आधी मोठ्याने 'माइक चेक' म्हणा. आजूबाजूच्यांनी ते परत म्हटलं की सुरू करा. एका वेळी चार-पाचच शब्द बोला, आणि मागच्या रांगेपर्यंत आवाज पोचल्याशिवाय पुढचं बोलू नका.

वाचून झाल्यावर हे पत्रक पुढच्या माणसाला द्या.

— जर्सी सिटीतील एक मराठी नोकरदार
ऑक्टोबर २०११