लेझर करायचंय? पण कुणासाठी?

‘सहा सिटिंग, केसांपासून कायमची सुटका!’ लग्नसराई जवळ आली की मोबाइलवर ही जाहिरात हमखास दिसते. गुळगुळीत हात, निम्म्या दराची ऑफर आणि ‘आजच बुकिंग करा’. पुण्यातल्या मुलीच्या फोनवर ती येते, तशीच रोहिणखेडहून रोज एसटीनं कॉलेजला जाणाऱ्या मुलीच्याही फोनवर येते. मग वर्गातलं कुणीतरी सहज म्हणून जातं, ‘काय वं, मिशा फुटल्या का तुले?’ झालं. त्या रात्री जाहिरातीवर बोट पडतंच.

लेझर वाईट आहे, असं मला म्हणायचं नाही. नीट माहिती घेऊन, स्वतःच्या मर्जीनं कुणी करत असेल तर त्यात नाक मुरडण्यासारखं काही नाही. माझा आक्षेप आहे तो लाजेपोटी केलेल्या घाईला. कारण या घाईत पैसे जातात, कधी त्वचा भाजते आणि कधी खरा आजार तसाच झाकून राहतो.

आधी लेझर करतं काय, ते बघू. केसाच्या मुळाशी मेलॅनिन नावाचं काळं रंगद्रव्य असतं. लेझरचा प्रकाश ते शोषून घेतं, तिथं उष्णता तयार होते आणि मूळ दुबळं होतं. म्हणूनच पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही. आणि सगळे केस एकाच वेळी वाढत नसतात. त्या दिवशी जे वाढीच्या टप्प्यात असतील, त्यांच्यावरच पुरेसा परिणाम होतो. म्हणून साधारण सहा-आठ सिटिंग, प्रत्येकी चार ते आठ आठवड्यांच्या अंतरानं. अमेरिकेतल्या औषध नियामक संस्थेनं, म्हणजे एफडीएनं, मान्यता दिलेला शब्दही ‘केस कायमचे काढणं’ नाही, ‘केस कायमचे कमी होणं’ असा आहे. जाहिरातीतली ‘सुटका’ तिथेच अर्धी होते.

आता मुद्दा आपल्या रंगाचा. मेलॅनिन त्वचेतही असतं. सावळ्या त्वचेवर चुकीचं मशीन किंवा जास्त ताकद वापरली, तर केसासोबत त्वचाही तापते. फोड येतात, काळे-पांढरे डाग पडतात, ते महिनोन्‌महिने राहतात. गडद त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर जास्त सुरक्षित मानलं जातं. तेव्हा ‘मॅडम, मशीन कोणतं आहे? चालवणार कोण?’ हे बिनधास्त विचारा. त्वचारोगतज्ज्ञ स्वतः तपासणार नसतील, आधी छोट्या जागेवर चाचणी घेणार नसतील, डोळ्यांना चष्मा देणार नसतील, तर सरळ उठून या. काही ठिकाणी लेझर म्हणून आयपीएल वापरतात. ते वेगळं तंत्र आहे आणि सावळ्या त्वचेवर त्याची जोखीम अधिक.

ऊन हाही आपल्याकडचा मोठा प्रश्न. सिटिंगच्या आधी आणि नंतर काही आठवडे ऊन टाळा, असं डॉक्टर सांगतात. शहरात एसी कॉलेजात बसणाऱ्याला ते जमेल. पण जिला सुट्टीत कापूस वेचायला जावं लागतं, बसथांब्यावर तासभर उन्हात उभं राहावं लागतं, तिनं काय करायचं? तिनं वेळ तरी निवडावी. एप्रिल-मे टाळून पावसाळ्या-हिवाळ्यात करावं, सनस्क्रीन आणि ओढणी सोडू नये. २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे हे खरं, पण सहा फेऱ्या, सहा बुडालेले दिवस आणि एका सिटिंगचा दर गुणिले सहा, हा हिशेब वहीच्या मागच्या पानावर मांडा. नंतर अधूनमधून लागणारी सिटिंग वेगळी. ट्रीटमेंट चालू असताना वॅक्सिंग, थ्रेडिंग बंद. रेझर चालतो, आणि रेझरनं केस जाड होत नाहीत, ती नुसती समजूत आहे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र पार्लरवाली विचारत नाही: हे केस आले कुठून? आई-मावशीलाही असतील, तर तो घराण्याचा वारसा. पण हनुवटी, छाती, पोटावर अचानक राठ केस वाढू लागले, पाळी दोन-दोन महिने लांबते, पुटकुळ्या येतात, वजन वाढतं, तर पीसीओएस असू शकतं. साधारण दहा जणींतल्या एकीला ते असतं आणि कित्येकींना ते माहीतच नसतं. अशा वेळी आधी स्त्रीरोगतज्ज्ञ, मग लेझर. हार्मोन्स तसेच राहिले तर केस पुन्हा येतात. काहींच्या चेहऱ्यावर तर लेझरनंतर उलट जास्त केस येतात. दूरच्या क्लिनिकचं पॅकेज घेण्याआधी बुलढाण्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात केसपेपर काढणं कितीतरी स्वस्त पडेल.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेशात दहावीला राज्यात पहिल्या आलेल्या मुलीचा फोटो पेपरात आला. लोकांना तिचे गुण दिसले नाहीत, ओठांवरचे केस दिसले. हजारोंनी टिंगल केली. सांगा, तिथं उपचाराची गरज कुणाला होती?

हे पोरांनाही लागू. पाठीवरच्या केसांवरून मित्राला अस्वल म्हणणारे आणि दाढीची रेघ कोरून घ्यायला लेझर शोधणारे आपल्याच वर्गात आहेत. दाढी कोरायची हौस असेल तर लक्षात ठेवा, फॅशन दोन वर्षांत बदलते, तिथले केस मात्र पहिल्यासारखे येतीलच असं नाही.

तेव्हा सोपी कसोटी. मला बघणारं कुणीच नसतं, कुणी बोलणारं नसतं, पाहुणे पोहे खायला येणार नसते, तरी मी हे केलं असतं का? उत्तर ‘हो’ असेल, डॉक्टर ‘चालेल’ म्हणत असतील आणि खिशाला झेपत असेल, तर खुशाल करा, कुणाला कारण देत बसू नका. उत्तर ‘नाही’ असेल तर तो पैसा स्पर्धा परीक्षेच्या फीला, कॉम्प्युटरच्या क्लासला, नाहीतर नुसता बँकेत ठेवा. आणि वर्गात पुन्हा कुणी मिशांवरून बोललं, तर बाकीच्यांनी हसू नका. तेवढं झालं तरी निम्म्या मुलींना लेझरची गरजच वाटणार नाही.