कृषी ॲपची नवी आवृत्ती आणि धानाचा हंगाम

भिलई म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे पोलादाचा कारखाना उभा राहतो. सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या या कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली आणि पुढे विदर्भातील कितीतरी कुटुंबे रोजगाराच्या निमित्ताने येथे स्थिरावली. परंतु सेक्टरांचे आखीव रस्ते संपले की लगेच दुर्ग जिल्ह्यातील धानाच्या बांध्या सुरू होतात. हे धान आणि गोंदिया-भंडाऱ्याचे धान यांच्यामध्ये राज्याची सीमा सोडली तर फारसे काही आड येत नाही. गादमाशी, खोडकिडा, करपा, तपकिरी तुडतुडे ही मंडळी दोन्हीकडे सारखीच हजेरी लावतात. त्यामुळे भिलईच्या परिसरात जे प्रश्न उभे राहतात ते झाडीपट्टीतील संशोधन केंद्रांनाही परके नाहीत.

अलीकडच्या काळात या परिसराला आणखी एक ओळख मिळाली आहे. २०१६ साली स्थापन झालेल्या भारतीय प्रौद्योगिकी संस्थेचा कुटेलाभाटा येथील परिसर फेब्रुवारी २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण झाला; छत्तीसगड स्वामी विवेकानंद तांत्रिक विद्यापीठही भिलईतच आहे. ॲप बांधू शकणारे तरुण हात आणि ॲपवर अवलंबून असणारा शेतकरी असे दोघेही येथे काही किलोमीटरच्या अंतरावर राहतात. धान विक्रीचा टोकन सोसायटीच्या दारात रांग लावून घेण्याऐवजी घरबसल्या मिळावा यासाठी छत्तीसगड शासनाने २०२२-२३ च्या खरेदी हंगामात ‘टोकन तुंहर हाथ’ हे ॲप आणले. ‘तुंहर’ म्हणजे छत्तीसगढी बोलीत ‘तुमच्या’. २०२४-२५ च्या हंगामात राज्याने पंचवीस लाखांहून अधिक शेतकऱ्यांकडून सुमारे १४९ लाख टन धान खरेदी केले. एवढ्या मोठ्या व्यवहाराची वेळ ठरविण्याचे एक साधन आता फोनच्या पडद्यावर आले आहे.

अशा ॲपची पहिली आवृत्ती तयार करणे आता अवघड राहिलेले नाही. उद्घाटन होते, छायाचित्र निघते, वार्षिक अहवालात एक ओळ वाढते. खरी कसोटी लागते ती दुसऱ्या, पाचव्या, बाराव्या आवृत्तीच्या वेळी. सुधारलेली आवृत्ती ॲप स्टोअरच्या परीक्षणातून पार पडून योग्य दिवशी शेतकऱ्याच्या फोनवर पोचली पाहिजे, आणि हे काम कोणाचे, याचे उत्तर बहुतेक प्रकल्प प्रस्तावांत नसते.

यात पणाला काय लागते ते गादमाशीच्या उदाहरणावरून स्पष्ट व्हावे. धानावरील गादमाशीसाठी दाणेदार फोरेटची शिफारस वर्षानुवर्षे होत असे. केंद्र शासनाच्या ऑगस्ट २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून फोरेट, ट्रायझोफॉस, डायक्लोरव्हॉस आदी कीटकनाशकांवर पूर्ण बंदी आली. सप्टेंबर २०२३ च्या आदेशाने मिथोमिलही गेले. छापील पुस्तिकेतील जुनी शिफारस चुकीची ठरली तर पुस्तिका पिवळी पडलेली दिसते, मुखपृष्ठावर साल असते, वाचणारा सावध होतो. ॲपचे तसे नाही. २०१९ मध्ये उतरवून घेतलेले ॲप आजही तितकेच नवेकोरे दिसते, त्यावर संस्थेचे बोधचिन्ह असते आणि शिफारसींची यादी ॲपच्या पोटातच भरलेली असेल तर बंदी आलेल्या औषधाचे नाव ते तितक्याच विश्वासाने सांगत राहते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना झालेल्या विषबाधेत शेतकरी आणि शेतमजुरांचे प्राण गेले, त्यानंतर तरी कीटकनाशकाविषयीचा चुकीचा शब्द ही केवळ तांत्रिक त्रुटी मानता येणार नाही.

दुरुस्ती करायची ठरली तरी ती लगेच पोचत नाही. प्ले स्टोअरवर नवी आवृत्ती सादर केली की तिचे परीक्षण होते. ते कधी काही तासांत आटोपते, कधी सात दिवस लागतात, अपवादात्मक प्रसंगी त्याहूनही अधिक. ॲपलच्या स्टोअरवर बहुतांश प्रकरणे एका दिवसात निकाली निघतात. मात्र आपल्या खेड्यांत ॲपलचे फोन बोटांवर मोजण्याइतके, म्हणून तो विचार येथे बाजूस ठेवणे योग्य. परीक्षणात ॲप कोणत्या परवानग्या मागते आणि त्या कशासाठी, हे पाहिले जाते. हवामान सल्ल्यासाठी गावाचे नाव पुरत असताना फोनचे ठिकाण सतत पाहण्याची परवानगी मागितली, किंवा माहितीच्या सुरक्षिततेविषयीचा तक्ता प्रत्यक्षाशी जुळला नाही, तर आवृत्ती परत येते. परत येण्याचे कारण दोन-चार ओळींत आणि तेही मोघम दिलेले असते. ते समजून दुरुस्ती करायची आणि पुन्हा रांगेत उभे राहायचे.

परीक्षण पार पडल्यावरही निम्मे काम उरतेच. फोन स्वतःहून नवी आवृत्ती घेतो ते साधारणतः वाय-फाय असताना, चार्जिंगला लावलेला असताना आणि वापरात नसताना. पाटण किंवा धमधा तालुक्यातील शेतकऱ्याच्या घरी वाय-फाय कोठून येणार? रोजचा डेटा मोजका, फोनची साठवण छायाचित्रांनी भरलेली. दुरुस्त आवृत्ती स्टोअरवर आलेली असते आणि शेतकऱ्याच्या खिशातले ॲप कित्येक आठवडे जुनेच राहते.

हंगामाच्या भाषेत हा विलंब किती मोठा ठरतो, हे महाराष्ट्राच्या ई-पीक पाहणीवरून दिसते. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या या उपक्रमात शेतकरी स्वतःच्या पिकाची नोंद स्वतः करतो. पुढील वर्षी आलेल्या दुसऱ्या आवृत्तीने केलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करण्याची सोय दिली, आणि ती सुधारणा खरोखर शेतकऱ्याच्या सोयीची होती. खरीप २०२४ मध्ये शेतकरी स्तरावरील पाहणीची मुदत १ ऑगस्ट ते १५ सप्टेंबर, म्हणजे ४६ दिवसांची ठरविण्यात आली होती. अशा मुदतीत एखादी अत्यावश्यक दुरुस्ती परीक्षणात सात दिवस अडकली तर सुमारे सातवा हिस्सा तेथेच गेला. गादमाशीच्या बाबतीत तर एवढीही सवड नसते. चंदेरी पोंगा दिसू लागल्यावर त्या फुटव्याला ओंबी येत नाही; त्यानंतर पोचलेला सल्ला पुढच्या वर्षासाठी.

या सगळ्यात एक गाठ अशी आहे की तिच्याकडे कृषी संस्थांचे लक्ष अजून पुरेसे गेलेले नाही. नव्या अँड्रॉइडशी जुळवून घेण्याची अट प्ले स्टोअर दरवर्षी एक पायरी वर नेते, आणि तिची तारीख गेली काही वर्षे ३१ ऑगस्ट ही आहे. ३१ ऑगस्ट २०२५ पासून नवी आवृत्ती सादर करायची तर ती अँड्रॉइड १५ ला लक्ष्य करणारी हवी; मागणी केल्यास १ नोव्हेंबरपर्यंत सवलत. ही तारीख कॅलिफोर्नियातील कार्यालयाला सोयीची असेल, धानाला नाही. ऑगस्टअखेर ही फुटवे आणि पोटरीच्या मधली वेळ, किडी-रोगांच्या चौकशा सर्वाधिक येण्याची वेळ. ज्या संस्थेने उन्हाळ्यात ही पायरी चढून ठेवलेली नाही तिला सप्टेंबरात मात्रेचा एक आकडा बदलायचा असला तरी आधी साऱ्या ॲपचा पाया बदलावा लागतो. पाया बदलताना छायाचित्र घेणे बंद पडते, मराठी अक्षरे फुटतात, आणि एका आकड्यासाठी सुरू झालेले काम दिवाळीपर्यंत चालते. अगदीच दुर्लक्षित राहिलेले ॲप तर नव्या फोनवर शोधूनही सापडेनासे होते.

अशा अडचणीत एक पळवाट मोहात पाडते. परीक्षण रखडले आहे ना, मग ॲपची फाईल सरळ व्हॉट्सॲपच्या गटांत पाठवावी. हे कोणत्याही संस्थेने करू नये. शासकीय योजनांच्या नावाने अशाच फाइली पाठवून बँकखाती रिकामी करण्याचे प्रकार देशभर घडत आहेत आणि अनोळखी फाईल उघडू नका, असे पोलीस पुन्हा पुन्हा बजावत आहेत. संशोधन संस्थेने एकदा स्वतःच्या नावाने फाईल पाठविली की पुढच्या वेळी भामट्याने पाठविलेली फाईल ओळखण्याचे शेतकऱ्यापाशी साधन उरत नाही. परीक्षणाविषयी तक्रारी कितीही रास्त असल्या, आणि खाजगी परदेशी कंपनीच्या दारात सार्वजनिक संस्थेने तिष्ठत उभे राहावे हे खटकणारे असले, तरी ते दार बाजूला सारून शेतकऱ्याला उघड्यावर सोडणे हा उपाय नव्हे. सी-डॅकने उभारलेले मोबाईल सेवा ॲपस्टोअर हे शासकीय ॲपसाठी देशी दालन उपलब्ध आहे. मात्र शेतकऱ्याच्या फोनवर खरेदीच्या दिवसापासून असते ते प्ले स्टोअर, आणि नियोजन त्याच वस्तुस्थितीवर आधारावे लागेल.

नियोजनाची शिस्त कृषी संशोधनाला नवीन नाही, हा येथे दिलासा. नवे वाण एका हंगामात कोणी साऱ्या राज्यात वाटत नाही. अखिल भारतीय समन्वित प्रकल्पांतर्गत वेगवेगळ्या ठिकाणी, अनेक वर्षे चाचण्या होतात. मग पैदासकार बियाणे, त्यापासून पायाभूत, त्यापासून प्रमाणित. पिवळी, पांढरी, निळी खूणचिठ्ठी. ॲपच्या आवृत्तीसाठीही हीच वाट उपलब्ध आहे. प्ले स्टोअरवर आधी निवडक लोकांपुरती चाचणी घेता येते. त्यानंतर आवृत्ती पाच टक्के, वीस टक्के अशा टप्प्यांनी सोडता येते आणि दोष दिसताच प्रसार थांबविता येतो. आधीच पोचलेली आवृत्ती मागे घेता येत नाही, त्यावर दुरुस्त आवृत्तीच पाठवावी लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे पहिल्या पाच टक्क्यांचे मोल कळते. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या एका सदोष अद्यतनाने जगभरातील सुमारे ८५ लाख संगणक ठप्प झाले. विमानतळांपासून रुग्णालयांपर्यंत परिणाम झाला. ते अद्यतन टप्प्यांनी गेले नव्हते.

दुसरी गोष्ट, बदलणारे ज्ञान आणि न बदलणारे यंत्र वेगळे ठेवावे. औषधांची नावे, मात्रा, बंदीची स्थिती ही माहिती संस्थेच्या सर्व्हरवर असावी आणि ॲपने ती तेथून घ्यावी. अशा माहितीच्या बदलाला प्रत्येक वेळी परीक्षणाची वाट पाहावी लागत नाही. शेतात संपर्क नसतो, म्हणून मागे घेतलेली प्रत फोनवर राहणारच. तेव्हा प्रत्येक शिफारशीखाली ती केव्हा तपासली त्याची तारीख ठळक दिसावी, आणि ठराविक काळ उलटल्यावर फवारणीचा सल्ला आपोआप झाकला जाऊन ‘कृषी विज्ञान केंद्राशी संपर्क साधावा’ एवढेच दिसावे. बियाण्याच्या पिशवीवर वैधतेची तारीख छापण्याचा आग्रह धरणाऱ्यांनी सल्ल्यालाही तीच कसोटी लावण्यास हरकत नसावी.

आणि मग मालकीचा प्रश्न. कित्येकदा ॲप तयार करतो एखादा कंत्राटदार, प्रकल्प सहायक किंवा पदव्युत्तर विद्यार्थी, आणि ते प्रसिद्ध होते त्याच्याच खात्यावरून. प्रकल्प संपतो, विद्यार्थी बंगळुरूला नोकरीस जातो, खात्याचा परवलीचा शब्द त्याच्याबरोबर जातो. आवृत्तीवर ज्या डिजिटल किल्लीने सही होते ती हरवली आणि तिची प्रत प्ले स्टोअरकडे ठेवलेली नसली, तर त्या ॲपवर पुढची आवृत्ती कधीच चढविता येत नाही. नवे ॲप काढून प्रत्येक शेतकऱ्याला ते नव्याने घ्यायला सांगावे लागते. खाते संस्थेच्या नावे, किमान दोन नियमित अधिकाऱ्यांच्या ताब्यात आणि बदलीच्या वेळी कार्यभाराच्या यादीत नोंदलेले असावे. प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाची नोंद होते, तशी या किल्लीचीही व्हावी.

भिलईच्या कारखान्यात झोतभट्टी एकदा पेटली की ती वर्षानुवर्षे तेवत राहते आणि तिच्या मोठ्या दुरुस्तीचा आराखडा बऱ्याच आधीपासून आखलेला असतो. धानाच्या ॲपचा आराखडाही असाच आखता येईल. छत्तीसगडात अक्षय्य तृतीयेला, म्हणजे ‘अक्ती’ला, शेतीचे नवे वर्ष सुरू होते. वर्षातली मोठी आवृत्ती तिच्या आधी परीक्षणातून निघालेली असावी, म्हणजे पेरणीपूर्वीच्या प्रशिक्षण मेळाव्यांत, जेथे वीज आणि वाय-फाय दोन्ही असतात, ती शेतकऱ्यांच्या फोनवर समक्ष बसविता येईल. हरेलीपासून खरेदी केंद्रे उघडेपर्यंत केवळ चूक दुरुस्त करणाऱ्या लहान आवृत्त्या, आणि त्याही सात दिवसांची वाट गृहीत धरून. नवे रंग, नवी बोधचिन्हे आणि नव्या मान्यवरांची छायाचित्रे फेब्रुवारीपर्यंत थांबू शकतात.