चमत्कार कोणाच्या कामाचा?

सांप्रत चमत्कारांचा बाजार तेजींत आहे. एकीकडे ख्रिस्ताच्या नांवानें मंडप घालून 'आंधळा पाहील, लंगडा चालेल' असें पुकारणारे उपदेशक आहेत. दुसरीकडे त्यांस खदखदां हंसणारी आमची भटशाही आहे. तिला स्वतःच्या पोथींतला चमत्कार मात्र वेदवाक्य वाटतो. आम्ही दोघांचेही मिंधे नाहीं. म्हणून आम्हीं ख्रिस्ती शास्त्रच उघडून पाहिलें, आणि दोघांसही अडचणीचें असें जें तेथें सांपडलें, तें वाचकांपुढें ठेवितों.

मार्काच्या शुभवर्तमानांत एक महारोगी येशूकडे येतो. यहुदी शास्त्राची आज्ञा अशी कीं, अशा माणसानें वस्तीबाहेर राहावें व 'अशुद्ध, अशुद्ध' असें ओरडत जावें. येशूनें हात पुढें करून त्यास स्पर्श केला. रोग मागाहून गेला. विटाळ आधीं गेला! त्याच शुभवर्तमानांत एका परकी बाईची मुलगी तो लांबूनच बरी करतो. मग येथें स्पर्श कशासाठीं? ज्यांच्या बापजाद्यांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्यांस याचें उत्तर फोड करून सांगावयास नको.

दुसरी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानांतली. एक जन्मांध भिकारी दिसतो, तेव्हां शिष्य विचारतात, हा आंधळा जन्मला तें पाप याचें कीं याच्या आईबापांचें? येशू सांगतो, दोघांचेंही नाहीं. वाचकहो, हा प्रश्न ओळखीचा वाटतो ना? 'तुझें दैन्य तुझ्या पूर्वजन्मींचें फळ' असें सांगून ज्यांनीं आम्हांस पिढ्यान् पिढ्या गप्प बसविलें, त्यांच्या तोंडचाच तो आहे. पुढें त्या भिकाऱ्यास दिसूं लागलें, तेव्हां धर्ममार्तंडांनीं साखर वांटली काय? नाहीं! 'हें शब्बाथाच्या दिवशीं कां केलें?' म्हणून त्यांनीं चौकशी बसविली आणि त्या गरिबालाच हांकून दिलें. हात वाळलेल्या माणसास शब्बाथाच्या दिवशीं बरें केलें, तेव्हां तर त्यांनीं येशूच्या जिवावर उठण्याचा मसलतखाना मांडला.

आणखी एक पाहा. रानांत उपाशी असतां धोंड्याच्या भाकरी करण्यास येशूनें नकार दिला. परूश्यांनीं 'चिन्ह दाखव' म्हटलें, तेव्हां तोही हट्ट त्यानें पुरविला नाहीं. म्हणजे चमत्कार स्वतःच्या पोटासाठीं नाहीं आणि बढाईसाठींही नाहीं.

हें सारें अक्षरशः घडलें, असें आम्ही मानीत नाहीं. परंतु कथा सांगणारा कोणाच्या बाजूस उभा होता, हें आंधळ्यासही दिसावें. १८७३ सालीं 'गुलामगिरी' लिहितांना जोतीरावांनीं ख्रिस्तास बळीराजाच्या पंक्तीस बसविलें, तें कांहीं पाण्याचा द्राक्षारस झाला म्हणून नव्हे. दीनदुबळ्यांचा तो कैवारी म्हणून.

मग मागून आलेल्या पुरोहितशाहीनें काय केलें? चमत्कार ही पदवी मिळविण्याची अट करून टाकली. मदर तेरेसा १९९७ सालीं वारल्या. बंगाल्यांतील एका आदिवासी बाईच्या पोटांतील गांठ त्यांच्या कृपेनें गेली असें ठरवून, २००३ सालीं त्यांस संतपदाच्या अलीकडची पायरी दिली. पुढें २०१६ सालीं संतपद. बाईवर उपचार करणारे डॉक्टर सांगत राहिले कीं गुण औषधाचा आहे. रोग्यांची सेवा करणाऱ्या बाईची थोरवी सिद्ध करावयास औषधाचें श्रेय हिरावून घ्यावें लागावें, हा केवढा उलटा न्याय!

फ्रान्सांतील लूर्दची गोष्ट घ्या. १८५८ सालीं तेथें एका गरीब मुलीस दर्शन झालें म्हणतात. पुढें १८८३ पासून तेथें दावे तपासण्यास वैद्यांचें दप्तर बसलें. सात हजारांवर दावे आले. चर्चनें मानले ते सत्तरांच्या आसपास. तपास केला हें चांगलेंच. पण लाखों लोक ज्या आशेनें तेथें जातात, तिची ही मोजदाद त्यांस कोण सांगतो?

आतां घरचें उदाहरण. २०१२ सालीं मुंबईस विलेपार्ल्यांत क्रुसाच्या मूर्तींतून पाणी ठिबकूं लागलें. लोक तें तीर्थ म्हणून प्याले. सनल एडामारुकू यांनीं जाऊन पाहिलें व सांगितलें कीं, मोरी तुंबली आहे आणि कंदिलाची वात तेल वर ओढते तसें हें पाणी भिंतींतून चढतें. बक्षीस काय मिळालें? पोलिसांत फिर्याद! त्यांस देश सोडून फिनलंडांत जावें लागलें. जन्मांधास हांकून देणारे परूशी याहून निराळे होते काय?

परंतु शेंडीवाल्यांनीं फार हंसूं नये. २१ सप्टेंबर १९९५ रोजीं चमच्यानें दूध पाजण्यास गणपतीपुढें रांगा लावल्या होत्या, त्या कोणीं? दूध चमच्यांतून ओढलें गेलें आणि मूर्तीवरून ओघळलें, तेंही द्रवाच्याच धर्मानें. मोरीचें पाणी आणि चमच्यांतलें दूध, दोहोंचा पुरोहित एकच.

बंधुभगिनींनो, उद्यां कोणी तुमच्या दारीं चमत्कार घेऊन आला, मग तो क्रूस घेऊन येवो कीं जानवें घालून, त्यास तीन प्रश्न विचारा. यानें कोणाचा विटाळ गेला? यानें कोणत्या धर्ममार्तंडाचें पित्त खवळलें? आणि पेटी कोणाच्या घरीं गेली? पहिल्या दोहोंचें उत्तर 'कोणाचाही नाहीं' आणि तिसऱ्याचें 'माझ्या' असें आलें, तर त्यास दार दाखवा, आणि दुखणाईतास घेऊन सरळ दवाखाना गांठा.