फौजदारी खटल्यांच्या कामकाजात सुधारणा आणि व्हिडिओद्वारे साक्ष व हजेरीच्या व्यवस्थेबाबत निवेदन

प्रति,
मा. मुख्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

द्वारा : मा. जिल्हाधिकारी, गडचिरोली.

विषय : गडचिरोली जिल्ह्यातील फौजदारी न्यायालयांत साक्षी वेळेवर नोंदवल्या जाव्यात आणि कच्च्या कैद्यांची हजेरी चुकू नये, यासाठी करावयाच्या उपाययोजना.

महोदय,

आम्ही गडचिरोली जिल्ह्यातील पक्षकार, साक्षीदार आणि फौजदारी वकिली करणारे नागरिक हे निवेदन सादर करीत आहोत.

भामरागड, एटापल्ली किंवा सिरोंचा भागातील साक्षीदाराला अहेरी अथवा गडचिरोलीच्या न्यायालयात सकाळी अकराला हजर राहायचे असेल, तर आदल्या दिवशीच घर सोडावे लागते. पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो. एवढे करून साक्षीदार पोहोचतो, दिवसभर व्हरांड्यात बसतो आणि संध्याकाळी त्याला पुढची तारीख मिळते. कधी आरोपीला आणायला पोलीस गार्द मिळालेली नसते, कधी सरकारी वकील दुसऱ्या न्यायालयात अडकलेले असतात, तर कधी मुद्देमालच आलेला नसतो. दोन-तीनदा असे झाले की साक्षीदार यायचे सोडतो. मग त्याच्यावर वॉरंट निघते. ज्याने फक्त खरे सांगायचे कबूल केले होते, त्याच्या दारात पोलीस उभे राहतात. हा अन्याय आहे आणि तो थांबवता येण्यासारखा आहे.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० ने चौकशी, खटला आणि साक्षी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने घेण्यास मुभा दिली आहे. हा विचार नवा नाही. ‘महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच अमेरिकेतील डॉक्टरची साक्ष मुंबईच्या न्यायालयात व्हिडिओद्वारे नोंदवण्यास मान्यता दिली. परदेशातल्या तज्ज्ञासाठी जे तेव्हा शक्य झाले, ते कोरचीच्या ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरसाठी आज सहज व्हायला हवे. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत. त्यामुळे निधीची सबब आम्हाला पटत नाही.

मात्र न्यायालयात पडदा बसवला म्हणजे काम झाले, असे आम्ही मानत नाही. तारखा देण्याची पद्धत तीच राहिली, तर साक्षीदार व्हरांड्याऐवजी पडद्यासमोर ताटकळेल. म्हणून आमची पहिली मागणी कामकाजाच्या आखणीची आहे. दोषारोप निश्चित होताच सरकारी वकील आणि बचाव पक्ष यांच्याशी बोलून प्रत्येक खटल्याचे साक्षीचे वेळापत्रक ठरावे. त्या दिवशी तपासता येतील तेवढ्याच साक्षीदारांना समन्स जावे आणि समन्सवर तारखेसोबत वेळही असावी. याच संहितेच्या कलम ३४६ प्रमाणे साक्षी सुरू झाल्यावर खटला रोज चालायला हवा, आणि परिस्थिती हाताबाहेरची असली तरी तहकुबी दोनदाच मिळू शकते. शासनाच्या बाजूने ही तहकुबी मागावीच लागू नये, इतके सरकारी वकील आणि इतके पोलीस मनुष्यबळ या जिल्ह्याला द्यावे. वेळापत्रक ठरवणे हा न्यायालयाचा अधिकार आहे, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणून या निवेदनाची प्रत उच्च न्यायालयाकडेही पाठवत आहोत.

याच टप्प्यावर कलम ३३० चा खरा उपयोग व्हावा. ज्या कागदपत्रांवर वाद नाही ती सुरुवातीलाच मान्य झाली, तर कित्येक साक्षीदारांना बोलवावेच लागणार नाही. तज्ज्ञाच्या अहवालाला कोणी आव्हान दिले नसेल, तर तज्ज्ञाला हजर राहण्याची गरज नाही, असे हे कलमच सांगते. त्यासाठी दोषारोपपत्राच्या प्रती, शवविच्छेदन अहवाल आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळेचे अहवाल बचाव पक्षाला वेळेत आणि वाचता येतील असे मिळाले पाहिजेत. पुसट झेरॉक्सवर कोणी संमती देणार नाही.

दुसरी मागणी सरकारी साक्षीदारांची. शवविच्छेदन केलेले वैद्यकीय अधिकारी बदलून राज्याच्या दुसऱ्या टोकाला गेलेले असतात. अर्ध्या तासाच्या साक्षीसाठी त्यांना दोन-तीन दिवस रुग्णालय सोडावे लागते, म्हणून ते येत नाहीत आणि खटला अडतो. वैद्यकीय अधिकारी, प्रयोगशाळेतील तज्ज्ञ आणि बदली झालेले तपास अधिकारी यांची साक्ष ते असतील त्या जिल्ह्यातील न्यायालयातून व्हिडिओद्वारे घेणे हा नियम व्हावा. प्रत्यक्ष बोलावणे अपवाद असावा आणि त्याचे कारण नोंदवले जावे.

प्रत्यक्षदर्शी साक्षीदारांबाबत आमचे मत वेगळे आहे. ज्याच्या शब्दावर कोणाला जन्मठेप होऊ शकते, त्याचा उलटतपास शक्यतो न्यायाधीशांच्या समोरच व्हावा. पीडित स्त्री, बालक किंवा धमकावलेला साक्षीदार यांना मात्र दुरून साक्ष देण्याचा पर्याय मिळायलाच हवा. कलम ३०८ नुसार अशा साक्षीसाठीची ठिकाणे राज्य शासन अधिसूचित करते. आमच्या जिल्ह्यात तालुका न्यायालये, तहसील कार्यालये आणि ग्रामीण रुग्णालये निवडावीत. पोलीस ठाणे कदापि निवडू नये. दिल्लीत ऑगस्ट २०२५ मध्ये पोलीस ठाण्यांतून पोलिसांच्या साक्षी घेण्याची अधिसूचना निघाली, तेव्हा वकिलांनी काम बंद केले आणि तिची अंमलबजावणी थांबवावी लागली. ते आंदोलन योग्यच होते. पोलीस ठाण्याच्या भिंतीआड दिलेली साक्ष मोकळी कशी मानायची? प्रत्येक ठिकाणी न्यायालयाचा प्रतिनिधी, वीज गेल्यास बॅटरीची सोय आणि एक स्वतंत्र तंत्रज्ञ असावा. साक्षीत खंड पडला तर त्याची नोंद रोजनाम्यात व्हावी. माडिया, गोंडी आणि तेलुगू दुभाष्यांची यादी करून त्यांनाही याच व्यवस्थेने जोडून घ्यावे. साक्षीदाराच्या भाषेतला दुभाषी नाही म्हणून तारीख पडते, ही गोष्ट विनाविलंब थांबवता येईल.

आता कच्च्या कैद्यांविषयी. देशातल्या कारागृहांत चारपैकी सुमारे तीन बंदी खटला संपण्याची वाट पाहणारे आहेत. आमच्या जिल्ह्यातील अनेक जण चंद्रपूर आणि नागपूरच्या कारागृहांत असतात. गार्द नसल्यामुळे त्यांची तारीख चुकते. न्यायालयीन कोठडीची मुदतवाढ व्हिडिओवर चालू शकते; पण पोलीस कोठडी मागताना आरोपीला दर वेळी प्रत्यक्ष उभे करणे कलम १८७ ने बंधनकारक केले आहे. त्यात कसलीही सूट देऊ नये, कारण मारहाणीचे वळ कॅमेऱ्यात दिसत नाहीत. व्हिडिओ हजेरीपूर्वी आरोपीला वकिलाशी एकांतात बोलता यावे, तेव्हा खोलीत कारागृह कर्मचारी नसावा. तसेच कलम ४७९ नुसार सुटकेस पात्र झालेल्या बंद्यांसाठी कारागृह अधीक्षकांनी न्यायालयाकडे अर्ज करायचा असतो. असे किती अर्ज झाले, याची यादी दरमहा जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावी.

वरील बाबींवर गृह, आरोग्य आणि विधी व न्याय या तिन्ही विभागांची एकत्रित बैठक बोलवावी, तीत जिल्ह्यातील वकिलांना आणि पक्षकारांना बोलू द्यावे, आणि कोणती मागणी कधी पूर्ण होणार याचे लेखी उत्तर आम्हाला द्यावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
गडचिरोली जिल्ह्यातील पक्षकार, साक्षीदार व वकील

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी सविनय सादर :
मा. महाप्रबंधक, मुंबई उच्च न्यायालय.
मा. प्रमुख जिल्हा व सत्र न्यायाधीश, गडचिरोली.