सिस्टरांची केटी कोण घेणार?

आमच्या आयटीत कोणी पेपर टाकले की मॅनेजरचा पहिला प्रश्न : केटी कोण घेणार? केटी म्हणजे नॉलेज ट्रान्सफर. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरला तर पत्रकार परिषदेत सांगावं लागलं, की कोबॉल येणारे लोक हवेत. बेरोजगार भत्त्याची सिस्टिम चाळीस वर्षं जुनी, आणि ती कळणारे केव्हाच रिटायर!

मग वॉर्डातली सिस्टर रिटायर होते तेव्हा शाल-नारळावर कसं भागतं बुवा?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये आपल्या डॉक्टरांचं निवृत्तीचं वय ६५ केलं. कारण काय, तर अनुभवी डॉक्टर कमी आहेत. बरोबरच आहे. पण केंद्राची नर्स ६० ला घरी, आणि आपल्या महाराष्ट्र सरकारची ५८ ला. डॉक्टरचा अनुभव मुरतो आणि सिस्टरचा काय नासतो?

पॅट्रिशिया बेनर यांनी १९८४ मध्येच पुस्तक लिहून नवखी ते तज्ज्ञ अशा नर्सच्या पाच पायऱ्या मांडल्यात. शेवटच्या पायरीवरची नर्स नियम आठवत बसत नाही, पेशंटकडे बघून तिला कळतं. माझी मावशी सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. "हा पेशंट मला बरा दिसत नाही," असं ती म्हणाली की नवे डॉक्टरही उठून बघायला जायचे. हे कुठल्या डॉक्युमेंटमध्ये लिहिणार?

पण म्हणून नुसतं वय वाढवा असं मी म्हणत नाहीये. ती शुद्ध पिळवणूक होईल. मावशीला सत्तावन्नाव्या वर्षीही नाइट लागायची, पेशंट उचलून उचलून कंबर गेलेली. अजून दोन वर्षं थांबणार का विचारलं असतं तर तिने हात जोडले असते. मी तिला परवा विचारलं, नाइट नसती तर? म्हणाली, "मग काय रे, घरी तरी काय करते मी!"

तेच करा ना. ज्यांना थांबायचंय त्यांना फक्त दिवसपाळी द्या, उचलाउचल नको. नव्या मुलींना पेशंटपाशी उभं राहून शिकवणं हेच त्यांचं काम, पगार पूर्ण. अकरा महिन्यांच्या कंत्राटाची चलाखी नको. कंत्राटी भरतीविरुद्ध राज्यातल्या नर्सेस २०२२ मध्ये संपावर गेल्या होत्या, विसरलात?

"मग तरुणांच्या नोकऱ्यांचं काय?" हा प्रश्न येणारच, आणि तो खोटा नाही. म्हणून ही पदं वेगळी काढा, कुणाचं प्रमोशन अडवून नाही. पैसे लागतील. लागू देत की.