रणात जिंकलेले कागदात का हरतात?

१ जानेवारीला भीमा कोरेगावच्या विजयस्तंभापुढे आणि १४ एप्रिलच्या मिरवणुकीत छातीवर पदके लावून ताठ मानेने चालणारे माजी सैनिक आपण सारेच पाहतो. गोंदिया-भंडाऱ्याकडच्या बुद्धविहारांत शाल आणि पुष्पगुच्छ देऊन त्यांचा सत्कार होतो, टाळ्या वाजतात आणि कार्यक्रम संपतो. पण त्या पदकांची सरकारदरबारी नोंद बरोबर आहे काय, जे मिळायला हवे होते ते मिळाले काय, सन्मानपत्रावरचे नाव आणि पेन्शनच्या कागदावरचे नाव एकच आहे काय, हे आपण विचारत नाही. १९६५ च्या युद्धात विशीत असलेला जवान आज ऐंशी ओलांडून गेला आहे. आता विचारले नाही, तर पुढे विचारायला कोणी उरणार नाही.

पदक म्हणजे छातीवरचा दागिना, असा एक गैरसमज आपल्यातही आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब रद्द केले. रावबहादूर, रावसाहेब यांची मिरास संपली. मात्र त्याच अनुच्छेदात दोन अपवाद राखले आहेत : सेनेतील सन्मान आणि विद्येतील सन्मान. राजाच्या मर्जीने किंवा जन्माने मिळणारा मोठेपणा संविधानाने नाकारला आणि कर्तृत्वाने कमावलेला मान मान्य केला. शौर्यपदकाची नोंद चुकते तेव्हा संविधानाने मान्य केलेला हा मानच नाकारला जातो. शिवाय हा पोटाचाही प्रश्न आहे. ऑगस्ट २०१७ पासून केंद्राने शौर्यपदकधारकांचा मासिक भत्ता दुप्पट केला. तेव्हा परमवीर चक्राला २०,०००, महावीर चक्राला १०,०००, वीर चक्राला ७,००० आणि शौर्याच्या सेना पदकाला २,००० रुपये असे दर ठरले. जवानाच्या पश्चात हा भत्ता त्याच्या विधवेला मिळतो. नावातल्या एका अक्षराची चूक एखाद्या म्हातारीचा महिन्याचा किराणा बंद करू शकते.

ही नोंद तयार कशी होते? लढाई जवान करतो; पण त्याने काय केले, हे लिहितो त्याचा वरिष्ठ. पलटणीचा कमांडिंग ऑफिसर शिफारस करतो. ती ब्रिगेड, डिव्हिजन, कोअर, कमांड अशा पायऱ्या चढत सेना मुख्यालयात आणि तेथून संरक्षण मंत्रालयात जाते, आणि शेवटी राष्ट्रपतींच्या नावाने घोषणा होते. या शिडीच्या कोणत्याही पायरीवर एका माणसाची लेखणी अडली, की रणातला पराक्रम कागदावर शून्य होतो.

हे आमचे अनुमान नाही. कारगिल युद्धात, १९९९ साली, बटालिक क्षेत्रात ७० इन्फन्ट्री ब्रिगेडचे नेतृत्व ब्रिगेडियर देविंदर सिंग यांच्याकडे होते. युद्धातला सन्मान त्यांना मिळाला नाही. विशिष्ट सेवा पदकावर बोळवण झाली. आपल्या ब्रिगेडची कामगिरी अहवालात डावलली गेली, अशी दाद त्यांनी मागितली. मे २०१० मध्ये सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या दिल्लीतील प्रधान पीठाने त्यांचे म्हणणे मान्य केले. कोअर कमांडर लेफ्टनंट जनरल किशन पाल यांनी केलेले मूल्यमापन पक्षपाती असल्याचे न्यायाधिकरणाने नोंदवले आणि कारवाईच्या अहवालातील नोंदी दुरुस्त करण्याचा आदेश दिला. म्हणजे युद्धाची अधिकृत नोंद चुकू शकते आणि ती दुरुस्तही होऊ शकते, हे आता निकालपत्रातच आहे.

पण वाचकहो, हे गृहस्थ ब्रिगेडियर होते. कागद त्यांच्या हाताखालून गेलेले, नियम तोंडपाठ, वकील दिल्लीत उपलब्ध. तरीही युद्धापासून निकालापर्यंत अकरा वर्षे गेली. मग देवरी किंवा सालेकसा तालुक्यातल्या निवृत्त शिपायाने काय करावे? लष्करी कायद्यातही तक्रारीचे दरवाजे वेगळे आहेत. अधिकाऱ्यासाठी कलम २७ आणि जवानासाठी कलम २६. जवानाने तक्रार करायची ती वरिष्ठाकडे, आणि पुष्कळदा तक्रार असते ती वरिष्ठाच्याच लेखणीबद्दल!

आपल्या समाजाला ही गोष्ट नवी नाही. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावला जे लढले, त्यांच्यासाठी ईस्ट इंडिया कंपनीने पदक केव्हा काढले? १८५१ साली, म्हणजे ३३ वर्षांनी. 'आर्मी ऑफ इंडिया मेडल' नावाच्या त्या पदकावर कोरेगावची स्वतंत्र पट्टी होती. पण ते मिळाले फक्त तोवर हयात असलेल्यांना. स्तंभावर ज्यांची नावे कोरली आहेत, त्या शहिदांच्या घरी ते पदक गेले नाही. पुढे १८९० च्या दशकात 'लढाऊ जाती' नावाचे थोतांड उभे करून इंग्रजांनी महारांची भरतीच बंद केली. रणात न हरलेला समाज एका सरकारी कागदाने हरवला गेला.

आपल्या पूर्वजांनी त्याला उत्तर दिले तेही कागदानेच. निवृत्त हवालदार गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये विनंतिपत्र लिहून महार-चांभार सैनिकांच्या सेवेचा हिशेब मांडला. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे अर्ज धाडला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये १११ महार पलटण उभी राहिली आणि गरज सरताच १९२१ मध्ये ती मोडली गेली. अखेर बाबासाहेबांनी पाठपुरावा केला आणि ऑक्टोबर १९४१ मध्ये बेळगावला महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. याच रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामास्वामी परमेश्वरन यांना श्रीलंकेत २५ नोव्हेंबर १९८७ रोजी केलेल्या पराक्रमाबद्दल मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. आज या रेजिमेंटमध्ये अनेक जातींचे, अनेक प्रांतांचे जवान आहेत. म्हणून नोंदीचा प्रश्न एकट्या बौद्ध सैनिकाचा राहिलेला नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोंड, पोवार, कुणबी घरांतून गेलेल्या जवानाचाही तो तेवढाच आहे.

आता गोंदिया जिल्ह्याची खास अडचण पाहा. हा जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यामुळे १९६५ आणि १९७१ च्या जवानाच्या कागदावर जिल्हा भंडारा आहे. १९५६ पूर्वी भरती झालेल्याच्या कागदावर तर राज्य मध्य प्रदेश! नंतर द्विभाषिक मुंबई राज्य आले आणि १९६० पासून महाराष्ट्र. घर जागचे हलले नाही. पण पत्ता तीन राज्ये आणि दोन जिल्हे फिरून आला. त्यात मेश्राम, गजभिये, नंदेश्वर ही आडनावे भरती कारकुनाने इंग्रजीत ऐकू येतील तशी लिहिली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर कोणी नाव बदलले, कोणी धर्माच्या रकान्यात बौद्ध लिहिले. पलटणीच्या वहीत मात्र जुनेच राहिले. नावाच्या सारखेपणाने काय होते, हे कारगिलमध्ये देशाने पाहिले. ग्रेनेडियर योगेंद्रसिंग यादव यांचे परमवीर चक्र आधी मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. प्रत्यक्षात ते रुग्णालयात जिवंत होते आणि शहीद झाला होता तो त्यांच्याच पलटणीतला त्याच नावाचा दुसरा जवान. देशाच्या सर्वोच्च पदकात ही गफलत होऊ शकते, तर शिपायाच्या समर सेवा स्टारची काय कथा!

मूळ कागद शोधावा, तर तो कुठे आहे? पूर्व कमांडमधील १९७१ च्या युद्धाची कागदपत्रे नष्ट झाल्याच्या बातम्या २०१० मध्ये आल्या. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय अभिलेखागाराचे महासंचालक चंदन सिन्हा यांनीच जाहीरपणे सांगितले की १९६२, १९६५ आणि १९७१ या युद्धांचे अभिलेख आपल्याकडे नाहीत. संरक्षण मंत्रालयाने जून २०२१ मध्ये धोरण जाहीर केले, की युद्धाच्या दैनंदिन्या आणि कागदपत्रे साधारणतः २५ वर्षांनी खुली करायची. धोरण चांगले आहे. पण त्याचा उपयोग इतिहासाचे ग्रंथ लिहिण्यापुरता राहू नये. जवानाला आपल्या पलटणीची दैनंदिनी पाहता आली पाहिजे.

जुनी प्रकरणे उकरता येणार नाहीत, असे उत्तर अशा अर्जांना मिळते. हे उत्तर टिकणारे नाही. परमवीर, महावीर आणि वीर चक्र ही पदके २६ जानेवारी १९५० रोजी स्थापन झाली, पण लागू केली गेली १५ ऑगस्ट १९४७ पासून. मागे जाऊन न्याय देणे प्रजासत्ताकाने पहिल्याच दिवशी केले आहे. अमेरिकेचेही पाहा. दुसऱ्या महायुद्धातले तिथले सर्वोच्च पदक, मेडल ऑफ ऑनर, एकाही काळ्या सैनिकाला मिळाले नव्हते. १९९३ मध्ये तिथल्या लष्करानेच एका विद्यापीठाकडे या अन्यायाचा अभ्यास सोपवला आणि १३ जानेवारी १९९७ रोजी सात काळ्या सैनिकांना ते पदक दिले गेले. सातांपैकी जिवंत होते एकटे व्हर्नन बेकर. उशिरा मिळालेल्या न्यायाची ही किंमत आहे. तरी तिथे चौकशी झाली. ती इथे का होऊ नये?

आता कायद्याचे बोलू. दाद मागण्यापूर्वी आपली तक्रार कोणत्या प्रकारची आहे, हे ओळखले पाहिजे. पहिला प्रकार सेवेमुळे आपोआप लागू होणाऱ्या पदकांचा. १९६५ चे समर सेवा स्टार व रक्षा मेडल, १९७१ चे पूर्वी व पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल, कारगिलचे ऑपरेशन विजय स्टार व मेडल ही कोणाच्या मेहेरबानीची नाहीत. अटी पूर्ण होत असतील, तर तो हक्क आहे. दुसरा प्रकार पदक मिळाले, पण नाव, क्रमांक किंवा पत्ता चुकला, असा. ही दुरुस्ती पार्ट टू ऑर्डरने होते. ती नाकारायला कारण नाही. तिसरा प्रकार अवघड आहे : शिफारसच झाली नाही किंवा मधेच अडली. अमुक पदक द्याच, असा आदेश सहसा मिळत नाही. पण शिफारशीचा विचार पक्षपाताविना व्हावा आणि चुकीची नोंद पुसली जावी, एवढे मागता येते. देविंदर सिंग यांच्या निकालाचे महत्त्व तेच.

वाटही सांगून ठेवतो. डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा आदेश समोर ठेवून आधी आपल्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयाला लेखी अर्ज द्यावा. महार रेजिमेंटचे ते सागरला आहे. सोबत माहितीच्या अधिकारात, दहा रुपये भरून, आपल्या सेवापत्रकाची आणि पदकांच्या नोंदीची प्रत मागावी. जिल्हा बदलल्याचा पुरावा म्हणून जिल्हानिर्मितीची अधिसूचना जोडावी. नकार आला, किंवा सहा महिने उत्तरच आले नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाकडे जावे. निवृत्त सैनिकाला तो राहतो त्या भागाच्या पीठाकडे अर्ज करता येतो. विलंबाची अडचण येईल. पण उशीर माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला आहे. शिवाय जिथे दरमहा भत्ता बुडतो, तिथे अन्याय दर महिन्याला नव्याने घडतो, असा युक्तिवाद करता येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या तरसेम सिंग प्रकरणात एका माजी सैनिकाच्या पेन्शनबाबत हे तत्त्व मानले आहे. मात्र थकबाकी साधारण तीन वर्षांचीच मिळते. म्हणजे थांबण्यात नुकसान आपलेच आहे.

एकट्याने हे होणार नाही. येत्या १ जानेवारीला कोरेगावला जाणाऱ्या गाड्या भरण्यापूर्वी गोंदियाच्या आठही तालुक्यांतील बुद्धविहार समित्यांनी आणि समता सैनिक दलाच्या शाखांनी आपल्या गावातील माजी सैनिकांची व वीरपत्नींची यादी करावी. नाव, पलटण, सैनिक क्रमांक, युद्ध, पदके आणि कागदातली तफावत, एवढे सहा रकाने पुरे आहेत. तालुक्याच्या ठिकाणी आपल्यातल्या वकिलांनी महिन्यातून एक रविवार त्यासाठी द्यावा. आम्ही आमचा देऊ. अशी यादी हाती असली, तर खासदाराला संसदेत प्रश्न विचारायला लावता येईल आणि मंत्रालयाला उत्तर द्यावे लागेल. वलंगकरांकडे टपाल होते आणि जिद्द होती. आपल्याकडे संविधान आहे, न्यायाधिकरण आहे, माहितीचा अधिकार आहे. म्हाताऱ्या जवानाच्या खांद्यावर शाल जरूर टाकावी. पण त्याआधी त्याचे डिस्चार्ज बुक उघडून वाचावे.

जयभीम!