वजन बेतात, पोट बाहेर

“माझे वजन उंचीला धरून आहे, पोट तेवढे जरा सुटले आहे.” चाळिशी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी हे वाक्य इतक्या निर्धास्तपणे येते की ऐकणाराही मान डोलावतो. त्याचा पहिला अर्धा भाग खरा असतो, म्हणून दुसऱ्याकडे कुणी बघत नाही. माझे म्हणणे असे की आपल्या लोकांच्या बाबतीत पाहायला हवा तो दुसराच भाग. मधुमेह, हृदयविकार, यकृताचे विकार यांतले पुढे काय वाढून ठेवले आहे, हे वजनकाट्यापेक्षा पोटाचा घेर जास्त खरेपणाने सांगतो.

याचा पुरावा पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा मात्र युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दोघांनाही काट्याने एकच शेरा दिला असता.

दोन माणसांवरून सिद्धान्त होत नाही, असे कुणी म्हणेल. बरोबर आहे. म्हणून देशभरातल्या १ लाख १३ हजार प्रौढांची पाहणी पाहावी. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. बीएमआयच्या हिशेबाने लठ्ठ ठरले २८.६ टक्के, पोटाच्या घेराने ३९.५ टक्के. म्हणजे दर दहा जणांत निदान एक असा, की काटा त्याला लठ्ठ म्हणत नाही आणि टेप म्हणतो. हा माणूस तपासणीला जातच नाही. त्याला कुणी जा म्हणालेलेच नसते.

पोटावरच्या चरबीत एवढे काय आहे? कातडीखालची, चिमटीत धरता येते ती चरबी बरीचशी निरुपद्रवी असते. घात करते ती आतली, आतड्यांभोवती साठणारी. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले ज्या शिरेत उतरतात ती शीर थेट यकृतात जाते. यकृतात मेद साचतो, इन्शुलिनला ते दाद देईनासे होते, उपाशीपोटीसुद्धा साखर तयार करत राहते. जोडीला ही चरबी दाह वाढवणारी द्रव्ये रक्तात सोडते आणि रक्तवाहिन्यांच्या अस्तराची झीज सुरू होते. यातले काहीही दुखत नाही. दहा-पंधरा वर्षे माणूस कामावर जातो, लग्नाच्या पंगतीत जेवतो, आणि एक दिवस भलत्याच कारणासाठी केलेल्या रक्ततपासणीत साखर सापडते.

“आमच्या आजोबांचे पोट याहून मोठे होते, नव्वदी गाठली त्यांनी.” या युक्तिवादाचा मला मनापासून राग येतो, कारण ज्यांचे आजोबा पन्नाशीतच गेले ते असे वाक्य बोलायला बसलेलेच नसतात. नऊ युरोपीय देशांतल्या साडेतीन लाखांहून अधिक लोकांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करून २००८ साली निघालेला निष्कर्ष सांगतो : बीएमआय सारखाच असताना कमरेचा घेर दर ५ सेंटिमीटरने वाढला की मृत्यूचा धोका पुरुषांत सुमारे १७ टक्क्यांनी आणि स्त्रियांत १३ टक्क्यांनी वाढतो. एका आजोबांनी हे आकडे खोडले जात नाहीत.

एक आक्षेप मात्र वजनदार आहे. टेपला आतली चरबी आणि वरची चरबी यांत फरक करता येत नाही. तो करायला स्कॅन लागते. मान्य. पण स्कॅन प्रत्येकाचे होणार नाही, आणि टेप शिवणाच्या डब्यातही सापडतो. फक्त तो नीट लावला पाहिजे : शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता. पँटच्या नंबरावर विसंबू नये. पोट वाढते तशी पँट पोटाखाली सरकत जाते आणि वर्षानुवर्षे नंबर चौतीसच राहतो. साडीची गाठही अशीच सैल होत जाते आणि ती तर आकडासुद्धा सांगत नाही. आपल्याकडे पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीचा ८० च्या वर गेला की धोक्याची सुरुवात मानतात.

घामाचे पट्टे, पोटाला चोळायची तेले, झोपून-उठून पोटाचे दोनशे व्यायाम, यांच्या जाहिराती लोकांचे पैसे आणि उमेद दोन्ही लुटतात. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, तिथलीच चरबी वेचून जळत नाही. अमेरिकेत पंधरा लठ्ठ स्त्रियांच्या पोटाच्या कातडीखालची सुमारे १० किलो चरबी शस्त्रक्रियेने काढली. दहा-बारा आठवड्यांनंतर मोजले तर इन्शुलिन, रक्तदाब, रक्तातला मेद, सारे जिथल्या तिथे. आतली चरबी जागेवरच होती.

आणि पोट सुटणे म्हणजे आळस, खादाडपणा, हा आरोपही मला मान्य नाही. याज्ञिक यांच्या चमूने १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५. हाडे, स्नायू, अवयव सगळेच लहान. चरबी मात्र त्या मानाने टिकून. शेतात राबणाऱ्या, अर्धपोटी आईच्या पोटातच ही ठेवण ठरते. अशा माणसाला चाळिशीत “जरा जिभेवर ताबा ठेवा” म्हणणे अन्यायाचे आहे.

जन्मतःच ठरले असेल तर करायचे काय, हा निराशेचा सूरही टिकत नाही. चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर प्रयोग केला; निष्कर्ष २००६ साली आले. ज्या गटाला रोजचे चालणे आणि खाण्यातला बदल सांगून पाठपुरावा केला, त्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तीन वर्षांत २८.५ टक्क्यांनी कमी राहिले. मला सर्वात मोलाचे वाटते ते पुढचे : या लोकांचे वजन जवळजवळ बदललेच नव्हते. काट्याकडे बघून त्यांनी महिन्याभरात चालणे सोडले असते.

गावोगावी आशा कार्यकर्तीच्या तपासणी-पत्रकात तिशीपुढच्या प्रत्येकाच्या कमरेचे माप लिहायची जागा आहे. पण ती येते तेव्हा पुरुष कामावर असतात, बाया संकोचाने अंदाजे आकडा सांगतात, आणि शहरांतल्या सोसायट्यांच्या आरोग्य शिबिरांत तर वजन, रक्तदाब, साखर यांवरच रांग संपते. त्या रांगेत टेपचे एक टेबल वाढवायला खर्च नाही. शिबिर भरवणाऱ्यांनी ते या वर्षीपासूनच मांडावे, आणि पत्रकातला आकडा अंदाजाने नव्हे, मोजून भरला जावा.